बाबांची इंग्रजी चाल

माझे बाबा शीळ फार छान वाजवायचे. सायकल पुसताना, दाढी करताना, लसूण सोलतानासुद्धा. बहुतेक वेळा एकच चाल असायची. सुरुवातीला ती अगदी संथ, देवळात गेल्यासारखी चालायची, आणि मग मध्येच तिला काय व्हायचं कोण जाणे, एकदम गिरकी घेऊन नाचायला लागायची. आमच्या घरात तिला ‘इंग्रजी चाल’ म्हणत. मी तान्ही असताना याच चालीवर मला झोपवायचे असं आई सांगायची. चाल अर्ध्यावर येऊन नाचायला लागली की मी पुन्हा जागी व्हायचे, हेही तीच सांगायची.

ही चाल आमच्याकडे आली ती आजोबांमुळे. आमचे पूर्वज बडोद्याच्या राज्याच्या फौजेत शिपाई होते. पुढे लढाया उरल्या नाहीत, पण शिपाई उरले. आजोबांच्या हातात तलवारीऐवजी कॉर्नेट नावाचं पितळी वाद्य आलं आणि ते दरबारच्या बँडमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना शिकवायला एक गोरा मास्तर होता. ‘साहेब मास्तरांनी शिकवलेली चाल’ म्हणून आजोबा ती घरी गुणगुणायचे. आजोबा गेले तेव्हा बाबा शाळेत होते. कॉर्नेट सरकारजमा झाला. बँडचा एक फोटो आणि ही चाल एवढंच घरात राहिलं.

बाबा बडोद्यातल्याच प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडायची वेळ आली. आई आधीच गेली होती आणि मी एकुलती एक, म्हणून ते वासण्याला आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक, सायकल आणि शीळ घेऊन आले. माझ्या नवऱ्याला मकरपुऱ्याच्या कारखान्याची बस सकाळी लवकर धरावी लागे. तो म्हणायचा, “घड्याळाचा गजर लावायची गरज संपली.”

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होते. अभ्यासक्रमात तह होते, लढाया होत्या, गव्हर्नर जनरल होते. पण मला नेहमी वाटायचं की दोन देशांची माणसं पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा खरोखर काय होतं? पाव कसा खायचा हे कोण कुणाला दाखवतं? फेटा बांधायला कोण शिकवतं? कोण कुणाला हसतं? बँड हे त्याचं फार चांगलं उदाहरण होतं, आणि तेही आमच्याच घरातलं. त्यावर मी एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं. एका प्रकाशकांना दाखवलं. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, “विषय गोड आहे, पण वाचणार कोण? बँडवाल्यांची नातवंडं?”

मी हस्तलिखित घेऊन घरी निघाले ती वाटेत एका दुकानात थांबले. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी एका गुजराती बाईंचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. त्या माझ्याच वयाच्या होत्या. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, माताजीच्या आरतीची पत्रकं त्या कॉम्प्युटरवर जुळवून देत. मी त्यांना बेन म्हणायचे, त्या मला बेन म्हणायच्या. आमचं बोलणं निम्मं गुजराती, निम्मं मराठी, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्या वर्षी त्यांनी दुकानात इंटरनेट घेतलं होतं आणि वेबसाइट बनवायचा कोर्स नुकताच संपवला होता. शिकलेली विद्या वापरायला कुणी गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

त्यांनी माझी पानं चाळली आणि विचारलं, “बेन, आमां फोटा छे?”

“एक फोटो आहे. आणि एक चाल आहे, पण ती पुस्तकात कशी छापणार?”

“चोपडीमध्ये नाही छापता येणार,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. “पण वेबसाइटवर वाजवता येणार! चोपडी रहेवा दो, बेन. आपण वेबसाइट करू.”

खरं सांगायचं तर मला ते थोडं कमीपणाचं वाटलं. पुस्तक म्हणजे पुस्तक. हातात धरता येतं, पाहुण्यांना दाखवता येतं. पण बेनचा उत्साह असा की मला नाही म्हणवलं नाही.

पहिली अडचण आली ती अक्षरांची. बेनच्या कॉम्प्युटरवर माझं मराठी सुंदर दिसायचं, पण तेच पान कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते प्रश्नचिन्हांचे आणि टिंबांचे थवे. त्या काळात ज्याचा त्याचा फाँट वेगळा होता. शेवटी बेननी मजकुराची चित्रं करून टाकली आणि शेजारी मी इंग्रजीत सारांश लिहिला. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे मराठी नुसतं बघायचं आणि इंग्रजी वाचायचं. आपल्या नातेवाइकांच्या मुलांचं तसंच चाललंय.”

दुसरी अडचण बाबा स्वतः. दिवसभर शीळ घालणारा हा माणूस, टेपरेकॉर्डर पुढे ठेवला की गप्प! ओठांचा चंबू करायचे आणि हसायला लागायचे. मी चिडले की आणखी हसायचे. नवऱ्याने सुचवलं की त्यांना न सांगता टेप करावं. मला ते पटेना. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. “मी माझं काम करतो, तू तुझं कर. माझ्याकडे बघू नकोस.” त्यांनी सायकल उलटी केली, चेनला तेल घालायला बसले, मी रेकॉर्डर तुळशीच्या कुंडीमागे ठेवून आत गेले. जरा वेळाने शीळ सुरू झाली आणि पूर्ण चाल मिळाली. त्यात आमच्या कुकरची शिट्टी होती आणि ऐन मध्यावर भाजीवाल्या बाईची ‘ताजी मेथी, ताजी पालक’ अशी लांबलचक हाक होती. बेन म्हणाल्या की पुन्हा टेप करा. बाबा म्हणाले की आता जमणार नाही. तेव्हा मेथी-पालकासकट ती चाल जगासमोर गेली.

जगाने बराच काळ दखल घेतली नाही. आमच्या पानावर बेननी एक ‘पाहुण्यांची वही’ ठेवली होती, म्हणजे कुणीही येऊन अभिप्राय लिहावा. पहिला अभिप्राय बेनच्या भावाचा होता. दुसरा माझ्या नवऱ्याचा. तिसरा कुणा अनोळखी माणसाचा, तो केस गळतीवरच्या तेलाची जाहिरात करून गेला.

मग एक दिवस अमेरिकेतल्या एका बडोदेकर गृहस्थांचा मजकूर आला. त्यांच्याकडेही तोच फोटो होता आणि त्यांचे पणजोबा त्यात होते. मी फोटोखाली ‘उजवीकडून तिसरे, कॉर्नेट वाजवणारे माझे आजोबा’ असं लिहिलं होतं. गृहस्थ म्हणत होते की तिसरे त्यांचे पणजोबा, तुमचे दुसरे कुणीतरी असतील. मी घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

“माझे वडील हेच,” ते म्हणाले, “पण माणूस म्हणतोय तेही खरं असेल. मिशा सगळ्यांच्या सारख्याच आहेत. दोघांची नावं लिही.”

“एका माणसाची दोन नावं?”

“हो. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.”

तसं लिहिलं. त्या गृहस्थांना ते इतकं आवडलं की त्यांनी आपल्या ओळखीच्या सगळ्यांना पान पाहायला सांगितलं. मग हळूहळू माणसं येऊ लागली. मुंबईतल्या एका मूळ गोवेकर वादकाने लिहिलं की बाई, तुम्ही आमच्या लोकांना विसरलात, दरबारी बँडमधून आमची किती माणसं होती! बडोद्यातल्याच एका मुसलमान घराण्यातल्या बाईंनी कळवलं की त्यांच्या घरात सनई होती आणि त्यांचे आजोबा नव्या बँडवाल्यांना दमसास कसा राखायचा हे शिकवायचे. मी पानाच्या अगदी वरती एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की इंग्रजांनी आपल्या शिपायांना संगीत शिकवलं. ते वाक्य आता लंगडायला लागलं. मी ते बदलायचं ठरवलं.

बाबांना हे मुळीच पटलं नाही. “एकदा छापलेलं असं बदलतात का? लोक काय म्हणतील?”

“बाबा, हे छापलेलं नाहीच.”

“मग काय आहे?”

बेन तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “काका, जुनं पण ठेवू. त्याच्यावर एक लाइन मारू आणि खाली नवीन लिहू. म्हणजे लोकांना समजेल की आधी आपण काय विचार करत होतो, आणि कोणाच्या बोलण्याने आपला विचार बदलला.”

मी एवढी वर्षं इतिहास शिकवत होते, पण हे मला सुचलं नव्हतं. पुस्तकात आपण चूक दुरुस्त केली की चूक गायब होते, आणि ती कुणी दाखवली तेही गायब होतं. आमच्या पानावर ते पहिलं वाक्य राहिलं, त्यावर रेघ, खाली दुसरं वाक्य, त्यावरही पुढे रेघ, खाली तिसरं. शेजारी ज्याने सांगितलं त्याचं नाव आणि गाव. माझे विद्यार्थी ते पाहून हसले. मग त्यांच्यातल्या काहींनी आपापल्या घरात विचारपूस सुरू केली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आणि मग वेल्सहून ईमेल आली.

पाठवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे पणजोबा खाणकामगाराचे पोर, गावातल्या खाणीच्या बँडमध्ये वाजवायला शिकले आणि तरुणपणी काही वर्षं बडोद्यात बँड शिकवायला होते. परत गेले आणि तिकडेच वारले. बाईंनी सहज म्हणून ‘बरोडा’ आणि ‘बँड’ हे शब्द टाकून शोध घेतला होता आणि त्यांना आमचं पान सापडलं. त्यांनी लिहिलं होतं, “तुमच्या वडिलांची शीळ ऐकली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ही चाल आमच्या घरात आहे. माझी आजी कणीक मळताना ती म्हणायची. आम्ही तिला हिंदुस्थानी चाल म्हणतो.”

खाली एक प्रश्नही होता. “मध्यावर एक बाई जे दोन शब्द गातात ते आमच्याकडे नाहीत. ते मूळ चालीतले आहेत का?”

मी ती ईमेल बाबांना वाचून दाखवली. मेथी-पालकापाशी पोचले आणि मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर.

“त्यांना काहीतरी गैरसमज झालाय,” ते म्हणाले. “चाल त्यांची आहे. त्यांच्याच मास्तराने दिली. हिंदुस्थानी कशी असेल? त्यांना नम्रपणे कळव.”

मी नम्रपणे कळवलं. उत्तर आलं की तुमचे वडील फार उदार आहेत, पण आमच्या पणजोबांनी स्वतः सांगितलं होतं की ती तुमच्याकडून आणली. बाबांनी मान हलवली. “पुन्हा लिही. म्हणावं, आम्ही फक्त सांभाळली. आता आपली वस्तू आपण परत घ्यावी.” त्यावर पुन्हा तिकडून आभार आणि ठाम नकार. लोकांना एखादी गोष्ट माझी, माझी म्हणून भांडताना मी पुष्कळ पाहिलं होतं. तुमची, तुमची म्हणून भांडणारी ही दोनच माणसं पाहिली.

मग बाईंनी स्वतः म्हटलेली चाल पाठवली. टेलिफोनच्या तारेवरून ती उतरवून घ्यायला अख्खी सकाळ गेली. दुकानात मी, बाबा आणि बेन. बेन मधूनमधून पत्रिकांची प्रुफं तपासत होत्या. एकदा चुकून कुणाचा तरी फोन आला आणि लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून. दुपारच्या जेवणाआधी कशीबशी पूर्ण झाली आणि बेननी बटण दाबलं.

आवाज म्हातारा होता, पण सुरेल. सुरुवात बाबांच्या शिळेहून संथ, भारदस्त, प्रार्थनेसारखी. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पहिल्याच ओळीला त्यांनी डोळे मिटले. आपल्या वडिलांनंतर ही चाल त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मग ती वळली, आणि म्हातारा आवाज आमच्याचसारखी गिरकी घेऊन नाचायला लागला.

बेननी हातातली प्रुफं खाली ठेवली.

“एक मिनिट, बेन. पाछळनो भाग फरी वगाडो.”

मी मागचा भाग पुन्हा लावला. बेन खुर्चीतून उठल्या, दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि टाळ्या देऊ लागल्या. एक पाऊल पुढे, वळून टाळी, एक पाऊल मागे. टाळ्या चालीवर अशा चपखल बसत होत्या की जणू त्यांच्यासाठीच ती केली होती.

“आ तो गरबो छे!” त्या म्हणाल्या. “माझी आई गाते. देवाशपथ, बेन, हा आमच्या चरोतरचा गरबा आहे.”

त्यांनी तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई खेडा जिल्ह्यातल्या आपल्या गावी असायची. बेननी चाल फोनवर गुणगुणून दाखवली. पलीकडून आवाज आला तो इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. “अरे, ए तो माताजीनो गरबो! तने क्यांथी याद आव्यो?” आणि तिने तो सरळ फोनवरच म्हणायला सुरुवात केली. मी धावत घरी जाऊन टेपरेकॉर्डर आणला. बेननी फोन त्याच्यासमोर धरला. बेननी विलायतेची गोष्ट सांगितल्यावर आई हसत म्हणाली की इंग्रज मधे कुठून आला, ही तर आमच्या सासूबाईंच्या सासूबाई म्हणायच्या!

बाबा थोडे नाराज झाले. इतकी वर्षं इंग्रजी म्हणून मिरवलेली चाल शेजारच्या जिल्ह्यातली निघाली. “म्हणजे मी आयुष्यभर गरबा वाजवत होतो,” ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “पण सुरुवातीचा भाग गरबा नाही. तो कुठला?”

हा प्रश्न मी वेल्सला पाठवला. तिकडे बाईंनी आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणाऱ्या मित्राला दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवली. त्याचं म्हणणं पडलं की पहिल्या भागात त्यांच्या जुन्या प्रार्थनागीतांची ठेवण स्पष्ट आहे, दुसरा भाग मात्र त्याने कधी ऐकला नाही. म्हणजे आमच्या घरी आणि त्यांच्या घरी चाल एकच, पण तिचं अर्धं अंग तिकडचं आणि अर्धं इकडचं.

हे कसं झालं असेल? माझा अंदाज असा की हा तरुण मास्तर नवरात्रात शहरात फिरला असेल. कुठल्या तरी पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत, किंवा चौकात बायका गरबा खेळत असतील. त्याने ती चाल कानात घेतली, खोलीवर जाऊन कागदावर उतरवली, आणि तिच्या पुढे घरची आठवण येणारी एक प्रार्थना जोडून बँडला वाजवायला दिली. साहेबाच्या हातून आली म्हणून शिपाई तिला इंग्रजी म्हणाले. हिंदुस्थानातून आणली म्हणून त्याच्या घरचे तिला हिंदुस्थानी म्हणाले. मी हे पानावर लिहिलं आणि वर ठळक अक्षरांत ‘अंदाज’ असं घातलं. चारही आवाज एकाखाली एक ठेवले: बाबांची शीळ, वेल्सच्या बाई, बेनच्या आई, आणि ऑर्गनवर वाजवलेली प्रार्थनेची एक ओळ. ज्याने त्याने ऐकावं आणि ठरवावं.

लोकांनी ठरवलं, आणि प्रत्येकाने वेगळं ठरवलं. एकाने लिहिलं की हे सगळं बाष्कळ आहे, ही जुन्या मराठी संगीत नाटकातली चाल आहे. तंजावरच्या एका मराठी गृहस्थांना ती आपल्याकडची वाटली. एका प्राध्यापकांनी मला चांगलं खडसावलं की अंदाज म्हणजे इतिहास नव्हे. ते बरोबरच होतं. मी त्यांचं म्हणणंही अंदाजाच्या शेजारीच लावलं. पुस्तक केलं असतं तर मला एकच निकाल देऊन मोकळं व्हावं लागलं असतं. इथे निकाल नव्हता, पण ऐकणारे रोज वाढत होते.

पुढच्या हिवाळ्यात वेल्सच्या बाई बडोद्याला आल्या. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशीच आल्या हा योगायोग. स्टेशनवरून वासण्याला येईपर्यंत रिक्षातून त्यांनी पतंगांनी भरलेलं आकाश पाहिलं आणि विचारलं की हे सगळं माझ्यासाठी का? रिक्षावाला हिंदीत म्हणाला, हो, तुमच्यासाठीच.

बाबांनी आदल्या दिवशी दाढी-कटिंग करून घेतली होती. दारात त्यांनी पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं, “आमच्या घरी इंग्लंडच्या पाहुण्यांचं स्वागत आहे.”

बाई हसल्या. हात जोडून म्हणाल्या, “धन्यवाद. पण मी इंग्लंडची नाही. मी वेल्सची आहे. आमची भाषा वेगळी आहे. इंग्रजांनी आमच्यावरही राज्य केलं.”

मी मराठीत सांगितलं. बाबा चकित झाले.

“घरी ती भाषा बोलता?”

“घरी तीच. बाहेर इंग्रजी. मुलं मध्येच दोन्ही मिसळतात. माझी आई ओरडायची.”

“अरे, मग या आपल्यातल्याच!” बाबा मला म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी बाईंशी सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली. इंग्रजी ही दोघांचीही भाषा नाही म्हटल्यावर ती वापरायची गरज काय, असा त्यांचा हिशेब होता. बाईही मग वेल्श बोलू लागल्या. दोघांचं उत्तम चाललं होतं. मी भाषांतर करायला गेले की दोघंही मला हाताने थांबवायचे.

दुपारी आम्ही सगळे गच्चीवर होतो. बेननी उंधियू आणि जिलेबी आणली होती. त्यांची आई मुद्दाम गावाहून आली होती, पांढरी साडी, डोक्यावरून पदर. शेजारच्या गच्चीवर लाउडस्पीकर होता. कुणाचा पतंग काटला की जो तो ‘काप्यो छे’ म्हणून ओरडत होता. अशा गोंगाटात गाणं काय ऐकू येणार? पण बाईंनी बेनच्या आईचा हात धरला आणि ती चाल हळू म्हणायला लागल्या. बाबांनी शीळ धरली. संथ भाग संपला आणि वळण आलं तसे बेनच्या आईने पाय हलवले. त्या वयातही असे ठेक्यात की बघत राहावं. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी आपणहून स्पीकर बंद केला आणि कठड्याला टेकून उभी राहिली. मग बेन, मी, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, सगळ्याच त्या फेरात शिरलो. बाईंना टाळी कुठे द्यायची ते कळेना. बेनच्या आईने मनगट धरून दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांना आलं.

नंतर जिलेबी खाताना बाई म्हणाल्या, “माझे पणजोबा फक्त बघत उभे राहिले असतील. त्यांना कुणी फेरात घेतलं नसेल.”

मी ते गुजरातीत सांगितलं. बेनची आई म्हणाली, “एमने कहो, शरमाया हशे. पुरुष तो शरमाय ज.” लाजले असतील म्हणावं, पुरुष लाजतातच. बाबांनी शीळ थांबवून आकाशात पाहिलं.

बाई आठवडाभर राहिल्या. कमाटीबागेतला बँड वाजवायचा चौथरा पाहिला, न्यायमंदिराजवळ सेवउसळ खाल्ली आणि तिखटाने घळघळा रडल्या. जाताना त्यांनी बाबांना कॉर्नेट दिला. पणजोबांचा नव्हे, तो कधीच हरवला होता. गावातल्या बँडने जुना झाला म्हणून काढलेला, दोन ठिकाणी पोचा पडलेला. बाबा त्यातून पहिले काही महिने फक्त म्हशीचा आवाज काढू शकले. सोसायटीत सभा झाली आणि दुपारी दोन ते चार बाबांनी वाजवू नये असा ठराव मंजूर झाला. ठरावाच्या बाजूने बाबांनीही हात वर केला, कारण ती त्यांची झोपायची वेळ होती.

खरा बदल मात्र वेगळाच झाला. एवढ्या सगळ्यात बाबांना त्या पानाचा नाद लागला. मधल्या काळात मराठी अक्षरं सगळीकडे नीट दिसू लागली होती. नवऱ्याने घरी कॉम्प्युटर आणला. बाबा एका बोटाने टायपायला शिकले आणि अभिप्रायांना उत्तरं द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. कुणी उद्धट लिहिलं तर ते आधी त्याच्या घरच्यांची खुशाली विचारत. माणूस पुढच्या खेपेला बरं लिहायचा. कुणी पुरावा नसताना छातीठोकपणे काही सांगितलं तर बाबा विचारत, “आपणांस हे कोणी सांगितले? ते हयात आहेत काय?” माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच दोन प्रश्न शिकवत होते, पण माझ्या तासाला ते इतके लक्षात राहत नसत.

पान वाढत गेलं. बँडच्या पलीकडे गेलं. एका पारशी बाईंनी त्यांच्या घरी मराठी स्वयंपाकीणबाईंनी आणलेली आमटी आणि तिचं पुढे काय काय झालं ते लिहिलं. एका निवृत्त माळ्याच्या मुलीने सांगितलं की परदेशी फुलांना तिच्या वडिलांनी कोणती नावं ठेवली होती. बेननी तर एक वेगळा विभागच केला: लग्नपत्रिकेत गुजराती घरांनी मराठी घरांकडून काय घेतलं आणि मराठी घरांनी गुजराती घरांकडून काय. त्यांच्याजवळ दुकानातले इतके नमुने होते की त्या विषयावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. शेवटी त्यांनी त्यावर माझ्या कॉलेजात भाषण दिलं. भाषणानंतर मुलांनी एकच प्रश्न विचारला, कोणतं कार्ड सगळ्यात स्वस्त पडतं.

परवा सकाळी मी कॉलेजला निघाले तर बाबा शर्ट-पँट घालून, टोपी चढवून तयार. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, काल रात्री मॉरिशसहून एका मराठी माणसाने विचारलंय की बडोद्याच्या रेल्वेत पूर्वी कामाला असलेले कुणी चिनी सुतार होते का, त्याच्या आजोबांना एकाने पेटी करून दिली होती.

“होते का?” मी विचारलं.

“मला कुठे माहीत? पण प्रतापनगरला माझ्याबरोबरचे एक जण आहेत, त्यांना माहीत असेल. चहाही होईल.”

“रिक्षाने जा, बाबा. ऊन आहे.”

“रिक्षावाला बोलत नाही, गाणी लावतो. बसने जातो,” ते म्हणाले आणि चप्पल सरकवून खाली उतरले.